खाऊनपिऊन सुखी नॅस्टर्शियम

अमरावतीच्या कोर्टाबाहेर मी गेली सव्वीस वर्षं नोटरीचं टेबल लावून बसतो. रोज पंधरावीस माणसं माझ्यासमोर उभी राहून शपथेवर सत्य सांगतात. त्यातलं किती सत्य असतं ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं, पण चेहऱ्यावर शिक्का मारायची कायद्यात सोय नाही, म्हणून मी कागदावर मारतो. एवढा अनुभव पाठीशी असलेल्या माणसाने तोंडी वचन देऊ नये. मी दिलं. तेही बायकोला, आणि तेही तारखेसकट.

त्याचं असं झालं. आमची रमा शाळेत सातवीला विज्ञान शिकवायची. ऑक्टोबरातल्या एका रविवारी ती जेवणाच्या टेबलावर दुसऱ्या दिवशीच्या तासाची आकृती काढून राहिली होती. एक गोल पान, त्याचा देठ कडेला नाही तर बरोबर पोटात, आणि कडेने पाण्याचे थेंब. झाडाला पाणी जास्त झालं की ते पहाटे पानाच्या कडेने थेंबथेंब बाहेर टाकतं, हे पोरांना समजवायला हे पान. झाडाचं नाव नॅस्टर्शियम.

"एकोणतीस वर्षं झाली, हे पान काढून राहिले मी," ती म्हणाली. "पण झाड जन्मात पाह्यलं नाही. दरवर्षी एखादी पोट्टी विचारतेच, मॅडम, याले फूल कोणत्या रंगाचं येते? मी सांगते, लाल."

"मग बरोबरच असेल."

"मले काय माहीत? मी शिकवाले लागली तव्हाच्या पुस्तकात चित्र काळं-पांढरं होतं. एकदा लाल सांगितलं, मग तेच चालू राहिलं."

मी ताबडतोब मोबाईल काढून दाखवला. त्यात लाल फूल होतं, पिवळं होतं, केशरी होतं, आणि एक तर चॉकलेटी होतं. रमाने चष्मा वर करून पाहिलं. म्हणाली, "मोबाईलमध्ये तुमचा फोटोही गोरा येते." मग पेन्सिलीला टोक करता करता पुढे म्हणाली, "एकतीस जानेवारीले मी रिटायर होते. बाकी सगळं शिकवून झालं. हे एक उत्तर तेवढं अंदाजाने देऊन जावं लागन."

तक्रारीच्या सुरात म्हणाली असती तर मी पेपर वाचत राहिलो असतो, बत्तीस वर्षांच्या संसारात तेवढा सराव होतोच. पण ती अगदी साध्या आवाजात बोलली, आणि मला ते लागलं. बाईने आयुष्यभर मला एक साडी धड मागितली नाही. मी पेपर खाली ठेवला आणि म्हणालो, "एकतीस तारखेच्या आत आपल्या घरचं खरं फूल तुझ्या हातात देतो. वर्गात घेऊन जा आणि दाखव पोरांना."

रमाने माझ्याकडे पाहिलं. आमच्या अंगणात आजवर मी लावलेल्या गोष्टींपैकी फक्त नळाची तोटी टिकली आहे, हे तिला माहीत होतं. तरी ती "बरं" म्हणाली.

बी अकोल्याहून आलं. रमाचा भाऊ भगवंत याचं तिथे खताबियाण्याचं दुकान आहे. आता दुकान मुलगा पाहतो आणि सल्ला भगवंत पाहतो. मी फोनवर फक्त बी पाठव म्हणालो होतो. तो स्वतः आला. सोबत बियांचे बारा दाणे आणि दहा किलो खत.

"भगवंता, अरे बारा दाण्यांना दहा किलो?"

"भाऊजी, कापसाच्या पऱ्हाटीले आपण काय कमी घालतो? खत घालताना हात आखडला का संपलं. तुमी वकिली पाहा, हे मले पाहू द्या."

त्याने कुंपणाच्या भिंतीला लागून चर खणला, त्यात घमेलंभर शेणखत घातलं, वर रासायनिक खताच्या मुठी सोडल्या, दाणे पुरले, भिंतीवर सुतळ्या बांधल्या आणि पुरणपोळी खाऊन अकोल्याला परत गेला. जाताना म्हणाला, "दिवाळी झाली का पाहा मजा."

शेजारच्या सत्यभामाबाईंकडे घरामागे दोन गाई आहेत. त्यामुळे शेणाच्या बाबतीत आमची गल्ली श्रीमंत आहे. रोप वीतभर झालं त्या दिवशी त्या कुंपणावरून वाकून पाहत्या झाल्या. "वकीलसाहेब, काहून बावा असं वाळकं दिसून राहिलं हे? खायाले देता का नाही त्याले?" मी म्हटलं, दिलं आहे. त्यावर त्यांनी जो चेहरा केला तो मी कोर्टात उलटतपासणीला पाहिला आहे. दुसऱ्या दिवसापासून रोज एक घमेलं शेणखत आमच्या कुंपणावरून आत यायला लागलं.

गल्लीतल्या येणाऱ्याजाणाऱ्यांचं तर विचारूच नका. एक गृहस्थ आंबट ताक घाला म्हणाले. दुसऱ्यांनी ताकाने मुळं कुजतात, गूळपाणी घाला असं सांगितलं. हे दोघे मग आमच्याच फाटकात उभे राहून अर्धा तास भांडले आणि शेवटी ताक व गूळ दोन्ही घालावं असा समझोता झाला. माझं मत कोणी विचारलं नाही. झाड माझं होतं, ही किरकोळ बाब.

मीही काही कमी नव्हतो, आता लपवण्यात अर्थ नाही. सत्यभामाबाईंच्या गाईंची सरकीची ढेप मी एक डबाभर मागून आणली होती. ती रात्रभर भिजवायची आणि सकाळी रमा आंघोळीला गेली की हळूच मुळाशी ओतायची. तारीख दिलेल्या माणसाला स्वस्थ बसवत नाही.

आणि झाड वाढलं. बारापैकी आठ दाणे उगवले, पण आठांनी ऐंशींचं काम केलं. डिसेंबरात पानं पापडाएवढी झाली. सुतळ्या संपल्यावर वेलांनी गॅलरीचे गज धरले, गज संपल्यावर विजेच्या मीटरची पेटी धरली. मीटर वाचायला आलेल्या माणसाने पाच मिनिटं पानं बाजूला केली, आत मीटर सापडेना, तेव्हा त्याने 'घर बंद' असं लिहून सरासरीचं बिल पाठवलं. मी दारात उभा राहून त्याच्याशी बोलत होतो, तरी घर बंद. रमा रोज पहाटे बाहेर येऊन पानांच्या कडेचे थेंब पाहायची आणि खूश व्हायची. "पुस्तकात आहे तसंच आहे हो," म्हणायची. मग पानं वर करून खाली पाहायची. फुलाचा पत्ता नव्हता. कळीही नव्हती.

ख्रिसमसच्या सुमाराला वेलाने भिंत ओलांडली आणि रस्त्याच्या बाजूने खाली उतरला. तिथे एका स्कूटरवाल्याचा आरसा त्यात अडकला. त्याने आरसा सोडवून घेतला, पण तक्रारही करून ठेवली. चार दिवसांनी महापालिकेची नोटीस आली. विषय: रस्त्याच्या हद्दीत अनधिकृत वाढ. सात दिवसांत खुलासा न केल्यास वाढ काढून टाकण्यात येईल.

माणसांना नोटिसा पाठवण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्याला एका वेलापायी नोटीस यावी. मी काळा कोट चढवूनच कचेरीत गेलो. खिडकीत धर्मेंद्र नावाचे कारकून होते, अत्यंत सभ्य. सभ्य कारकुनाशी भांडता येत नाही, त्याचा त्रास वेगळाच असतो.

"झाडाचं नाव सांगा, साहेब."

"नॅस्टर्शियम."

त्यांनी छापील यादीवरून बोट फिरवलं. कडूनिंब, वड, पिंपळ, गुलमोहर. "यात नाई."

"नसेलच. ते झाड नाही, फुलाचा वेल आहे."

"वेलाचा फॉर्म नसते. झाड असन तर उद्यान विभाग, बांधकाम असन तर अतिक्रमण विभाग. तुमचं कशात बसते ते तुमी ठरवा."

बांधकामापेक्षा झाड बरं म्हणून मी झाडाचा फॉर्म घेतला. त्यांनी विचारलं, "खोडाचा घेर?"

"करंगळीएवढा."

"सेंटिमीटरमध्ये लागते."

मी करंगळी पुढे केली. त्यांनी खरोखर पट्टी लावून ती मोजली आणि आकडा लिहिला. मग बराच वेळ त्या आकड्याकडे पाहून म्हणाले, "एवढ्या घेराचं झाड आमच्या नियमात झाड होत नाई, साहेब. असं करा. सदर वनस्पती झाड नाही, असं प्रतिज्ञापत्र आणा. नोटरीपुढे केलेलं पाह्यजे."

"मी स्वतः नोटरी आहे."

"मंग तर फारच सोपं," धर्मेंद्र म्हणाले, आणि लगेच त्यांच्याही लक्षात आलं. स्वतःचं प्रतिज्ञापत्र स्वतःपुढे करता येत नाही. 

कोर्टाबाहेर नोटरीचं दुसरं टेबल जानरावांचं. कडूनिंबाची सावली त्यांच्या टेबलावर की माझ्या, या प्रश्नावर आमचं सहा वर्षं बोलणं बंद होतं. सात दिवसांतले चार संपले होते, आणि झाड गेलं तर रमाला दिलेली तारीखही गेली. मी कागद टाइप केला आणि चार पावलं चालून त्यांच्यापुढे ठेवला. त्या चार पावलांना मला किती वेळ लागला ते सांगत नाही.

जानरावांनी चष्मा लावला आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली. "मी, हरिहर, वय वर्षे बासष्ट, शपथेवर लिहून देतो की सदर वनस्पती झाड नाही, भविष्यातही झाड होणार नाही, आणि हंगाम संपताच स्वतःहून मरेल." माझेच तीन पक्षकार तिथे उभे होते. 

"वकीलसाहेब, तुमच्या माहितीप्रमाणे हे खरं आहे ना? शपथ आहे, म्हणून विचारलं." हे वाक्य मी रोज लोकांना विचारतो. मला पहिल्यांदाच कळलं की ते किती टोचतं.

"खरं आहे."

"वर्णन अपुरं आहे पण. फुलाचा रंग?"

"माहीत नाही."

"म्हणजे फूल तुमी पाह्यलंच नाही?"

"नाही."

त्यांनी शांतपणे कागदावर 'फुलाचा रंग: अद्याप अज्ञात' असं भरलं आणि शिक्का मारला. फी घेतली नाही. फी घेतली असती तर मला बरं वाटलं असतं. वर म्हणाले, "रंग समजला का सांगजा. उत्सुकता लागून राहिली आता."

तर नोटीस सुटली. पण दहा जानेवारी उजाडला तरी झाडावर पानं, पानं आणि पानं. रमा आता पहाटे बाहेर जाऊन लगेच आत यायची. शेवटी मी राजकमल चौकात फुलं विकायला बसणाऱ्या पंजाबरावांना गाठलं. नांदगाव पेठेकडे त्यांचा फुलांचा मळा आहे. झेंडू विकून झाल्यावर ते माझ्या स्कूटरच्या मागे बसून आले.

पंजाबराव भिंतीपाशी उकिडवे बसले. एक पान उलटं करून पाहिलं, चिमूटभर माती उचलून वास घेतला आणि नाक मागे ओढलं. "याले खायाले काय काय घालता साहेब?"

"विशेष काही नाही," मी म्हणालो. "सुरुवातीला मेहुण्याने थोडं खत घातलं. नंतर बाईंचं शेणखत."

"एकच घमेलं टाकते मी रोज," सत्यभामाबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या.

"रोज?" पंजाबरावांनी विचारलं. "अन् हा ढेपीचा वास कायचा?"

आता सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी ढेपीची कबुली दिली. तेवढ्यात रमा दारातून म्हणाली, "मीही डाळतांदळाचं धुवण टाकते दुपारी, शाळेतून आल्यावर. हे एवढे मागे लागले आहेत, म्हटलं आपला थोडा हातभार."

"नुसतं धुवण?" पंजाबरावांचा आवाज खाली आला होता.

"कधी वरण उरलं तर तेही."

पंजाबराव उठून उभे राहिले. त्यांनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "झाड लावलं का जवाई आणला घरी? दिवसातून चार खेपा जेवण. इतकं खाऊन कोण काम करते साहेब? याचं पोट भरलं आहे, हे कायले फूल देईन? याले उपाशी ठेवा. हलक्या जमिनीत, थोडक्या पाण्यावर ठेवलं तं फुलते हे. काळ्या मातीत अन् शेणात नुसता पाला."

त्यांनी वेलाचे तीन तुकडे काढले, एका जुन्या फुटक्या कुंडीत मुरूम आणि बारीक रेती भरून त्यात खोचले आणि कुंडी गच्चीच्या उन्हात ठेवायला लावली. "दोन दिवसाआड पेलाभर पाणी. त्याच्यावर काही नाही. कोणी दया दाखवली तं मी परत येनार नाही."

त्यांची ही शेवटची सूचना मला सर्वांत जड गेली. आमच्या वऱ्हाडात दारात आलेल्याला न जेवता पाठवत नाहीत, मांजरालाही विचारून पोळी देतात. अशा घरात एक जीव जाणूनबुजून उपाशी ठेवायचा. मी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं आणि किल्ली जानव्याला बांधली. सत्यभामाबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "पाप लागन तुमाले." भगवंतचा अकोल्याहून फोन आला. "भाऊजी, खत बंद करा म्हनते? कोण आहे तो मानूस? त्याले फोन द्या." मी म्हटलं तो उपास करून राहिला आहे, बोलू शकत नाही. 

एका दुपारी मी कोर्टातून लवकर आलो तर रमा गच्चीच्या कुलुपाजवळ भांडं घेऊन उभी.

"काय आहे त्यात?"

"पाणी."

मी भांड्यात पाहिलं. पाणी पिवळं होतं आणि त्याला हिंगाचा वास होता. रमा म्हणाली, "लहानसा जीव आहे हो. तुमच्या वचनापायी त्याचे हाल होऊन राहिले." मी म्हणालो, "माझ्या नाही, तुझ्या उत्तरापायी." ती भांडं घेऊन खाली गेली आणि त्या रात्रीचं वरण आम्ही दोघांनी जास्त खाल्लं.

सत्तावीस जानेवारीला कुंडीतल्या एका हडकुळ्या वेलावर कळी दिसली. हिरवी, टोकाला मागे शेपटी असलेली, आणि घट्ट मिटलेली. मी दिवसातून सहा वेळा गच्चीवर जायचो. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस. एकतीसला सकाळी मी पाच वाजता बॅटरी घेऊन गेलो. कळी मिटलेली.

भिंतीवरच्या वेलाचं थेंबांसकट एक मोठं पान डब्यात ठेवून रमा शेवटच्या दिवसाच्या शाळेत गेली. शाल झाली, श्रीफळ झालं, भाषणं झाली. मी पाहुण्यांच्या खुर्चीत बसलो होतो आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. हजारो लोकांच्या शपथांवर सह्या केल्या आणि स्वतःची एक तारीख पाळता आली नाही. घरी आल्यावर मी तसं तिला सांगितलंही.

"असू द्या," रमा म्हणाली. "आज वर्गात पान दाखवलं तव्हा पोरींनी रंग विचारलाच. मी म्हटलं, मले माहीत नाही. एकोणतीस वर्षांत पहिल्यांदा लाल नाही म्हटलं." मग तिने शाल घडी करून कपाटात ठेवली, पण जेवताना तिचं लक्ष नव्हतं.

पाच फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी आठला मी सवयीने गच्चीवर गेलो आणि तिथूनच हाक मारली. रमा वर आली. फूल उघडलं होतं. पिवळं. गळ्याशी तांबड्या रेघा होत्या, पण उगाच वकिली करण्यात अर्थ नाही, फूल पिवळंच होतं.

रमा कुंडीपुढे खाली बसली. बराच वेळ पाहत राहिली. "पिवळं आहे हो," म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. मग ती पदर खोचून उठली. "वर्षाला पन्नास पोरं धरा. दीड हजार जणांना मी लाल सांगितलं. स्कूटर काढा."

फूल स्टीलच्या पेल्यात ओल्या कापसावर ठेवून आम्ही शाळेत पोचलो. फाटकावर नत्थुजी. रमासाठी एकोणतीस वर्षं त्यांनीच फाटक उघडलं होतं. आज त्यांनी ओशाळून रजिस्टर पुढे केलं. "मॅडम, बाहेरच्या मानसाले सही करा लागते. नियम हाय." रमाने सही केली. 'कामाचे स्वरूप' या रकान्यात लिहिलं: एक उत्तर दुरुस्त करणे.

सातवीच्या नव्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी लगेच जागा करून दिली. मी दारात उभा राहिलो. रमाने फळ्यावर ते गोल पान काढलं, बाजूला फूल काढलं आणि म्हणाली, "हे फूल लाल असते असं मी आजपर्यंत सांगत होती. ते चूक होतं. आमच्या घरी पिवळं आलं आहे. हातात घ्या, नीट पाहा, वास घ्या अन् पुढे द्या."

पेला पहिल्या बाकावरून निघाला. फूल हातोहाती फिरलं. दुसऱ्या रांगेच्या शेवटच्या बाकावर रागिणी नावाची मुलगी होती, भाजीपाला पिकवणाऱ्यांच्या घरची. तिच्या घरी कोणताही पाला हातात आला की आधी चावून पाहतात, मेथी कडू आहे का, अंबाडी आंबट आहे का, मग पुढचं बोलणं. तिने फूल नीट पाहिलं, वास घेतला आणि तोंडात टाकलं.

चार महिने, एक नोटीस, एक प्रतिज्ञापत्र, जानरावांपुढे टाकलेली चार पावलं, आणि फूल एकच. ते सातवीतल्या मुलीच्या पोटात गेलं होतं. रागिणीलाही आता काय झालं ते कळलं आणि ती रडायच्या बेतात आली.

रमा तिच्या बाकापाशी गेली. वाकून विचारलं, "कसं लागलं?"

"तिखट, मॅडम," रागिणी घाबरत म्हणाली. "मुळ्याच्या पाल्यावानी."

रमाचा चेहरा असा खुलला की मी लग्नानंतर फार वेळा पाहिला नसेल. "हे तर मले माहीतच नव्हतं," ती म्हणाली, आणि फळ्याकडे वळून पिवळ्याच्या खाली लिहिलं: चव तिखट. शोध: रागिणी. मग वर्गाला विचारलं, पानही तिखट असेल का? निम्मा वर्ग हो म्हणाला, निम्मा नाही. "ठीक आहे. उद्या प्रत्येकाला एक पान आणते. खाऊन पाहू. पानांची आमच्याकडे काही कमी नाही."

नव्या बाई म्हणाल्या, "या ना मॅडम, दुसरा तास मोकळाच आहे."

परत जाताना रमा फाटकाशी थांबली. नत्थुजींकडून रजिस्टर मागून घेतलं आणि उद्याच्या तारखेची ओळ आजच भरून, खाली सही करून ठेवली. पुढच्या तारखेची अशी नोंद कायद्यात बसत नाही, पण मी स्कूटर काढली.